निर्माता मध्येच गेला, शाळूही कापला गेला. हा देवाचा नकार समजायचा का?

रानवाट_जालना

जय ख्रिस्त. स्वतंत्र मराठी चित्रपट आहे, २४ दिवसांचं वेळापत्रक होतं. जानेवारीत १५ दिवस झाले आणि निर्मात्याने हात वर केले. ६२ पैकी ४१ दृश्यं झालीत, २१ राहिलीत, आणि त्यातली ९ उभ्या शाळूतली, म्हणजे रब्बी ज्वारीच्या रानातली आहेत. आता मार्च संपत आलाय, शिवारात नुसती धसकटं. सगळं चित्रीकरण ४ टीबीच्या दोन डिस्कवर आहे, दोन्हींवर तेच. त्यातली एक लावली की खटखट आवाज करते. १४ जणांचे पैसे बाकी आहेत.

विषय धार्मिक नाही. गाव ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेलं म्हातारं जोडपं, एवढीच गोष्ट.

प्रार्थना सभेत दोन मतं निघाली. एक म्हणतात, देवाने दार लावलंय, आता ढकलू नकोस. दुसरे म्हणतात, विश्वासाने मोठं दान पेर, दहापट मिळेल. दोन्ही ऐकून मन शांत होत नाही. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे या घडीला नेमकं काय करायचं?

टाइमलाइन_संभाजीनगर

सलाम. बाकी सगळं नंतर, आधी डिस्क.

खटखट करणारी डिस्क आत्ताच काढून बाजूला ठेवा आणि पुन्हा लावून बघू नका. तो आवाज बहुतेक वेळा आतलं हेड, म्हणजे प्लेटवरची माहिती वाचणारा भाग, अडकत असल्याचा असतो. प्रत्येक वेळी वीज दिली की हेड प्लेटवर घासायची भीती असते आणि मग प्रयोगशाळेलाही काही काढता येत नाही. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर अशा डिस्कवर चालवायचं नसतं. डिस्क आवाज न करता चालते पण फायली दिसत नाहीत, तेव्हा डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने तिची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि त्या प्रतिमेवर काम करायचं. तुमच्या डिस्कचा दोष मात्र यांत्रिक दिसतो.

आता चांगल्या डिस्ककडे या. तुमचा सगळा चित्रपट सध्या तिच्या एकटीवर आहे. तिच्यावर संकलन सुरू करू नका, कुणाला दाखवायला नेऊ नका. नव्या दोन डिस्क आणून पडताळणीसह कॉपी करा. टेराकॉपी या कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमधला पडताळणीचा पर्याय चालू केला की दोन्हीकडच्या फायलींचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळतो का ते कळतं. विंडोजमध्ये नुसतं ओढून टाकलं तर अर्धवट फाइलसुद्धा नावाने पूर्ण दिसते. सेकंदाला १२० एमबी वेग धरला तर ४ टीबीला नऊ तासांच्या वर लागतात, पडताळणी धरून अठरा-एकोणीस. एवढ्या वेळात आपल्याकडे एकदा तरी वीज जाणार, म्हणून यूपीएसशिवाय बसू नका. लॅपटॉपची बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ३.५ इंची डिस्कला बाहेरून वीज लागते, ती मध्येच बंद पडते.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या घरात. त्या दुसऱ्या घरात पंख्याखालचं कपाट बघा, पत्र्याखालची खोली नको. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली किंवा बंद गाडीत डिस्क ठेवणं धोक्याचं.

कॅमेऱ्याची कार्डं परत वापरली नसतील तर तशीच ठेवा. फॉरमॅट केलेल्या कार्डावरूनही फोटोरेक सॉफ्टवेअरने काही परत मिळतं, त्यावर नवं लिहिलं गेलं असेल तर मात्र नाही.

पाळकांचा_शेजारी

रानवाट दादा, सभेतलं पहिलं मत घेऊ. बंद दार म्हणजे देवाचा नकार, असं सरसकट वचनात कुठे आहे? प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाला आशियात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिलं नाही. पण त्याचं काम थांबलं नाही, वाट बदलली, तो त्रोवसला उतरला. हे त्याला कळलं ते पुढे चालता चालता. उलट जुन्या करारातल्या एज्रात पाहा. यरुशलेमेच्या मंदिराचा पाया घातला गेला, विरोध झाला, काम बंद पडलं ते दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बंदच राहिलं. काम देवाचंच होतं आणि तरी वर्षानुवर्षं थांबलं. म्हणजे थांबण्यावरून देवाची इच्छा वाचता येत नाही, ना इकडची ना तिकडची.

तिथेच आणखी एक गोष्ट आहे. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुम्हाला परवानगी कुणी दिली? तेव्हा दप्तरं शोधली गेली आणि मेदी प्रांतातल्या राजवाड्यात कोरेश राजाच्या हुकमाचा लेख सापडला. त्या कागदावर काम पुन्हा उभं राहिलं. निर्मात्याशी झालेला प्रत्येक कागद, संदेश, बँकेची नोंद जपून ठेवा.

दुसऱ्या मताबद्दल स्पष्ट बोलतो, कारण त्याने माणसं बुडतात. १४ जणांचे पैसे बाकी असताना तुमच्या हातातली रक्कम तुमची नाहीच. मार्क ७ मध्ये प्रभू कुर्बानबद्दल बोलतो: आईबापांना द्यायचं होतं ते 'देवाला वाहिलं' म्हणून सांगायचं आणि जबाबदारीतून सुटायचं. प्रभूने त्यावर कडक शब्दांत ठपका ठेवला. लाइटमनची मजुरी दानपेटीत टाकणं हा तोच प्रकार. जुन्या करारातलं अनुवाद २४ म्हणतं, मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. याकोब ५ मध्ये ज्यांची मजुरी अडकवली ते शेत कापणारेच आहेत, आणि त्यांची हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली असं लिहिलंय. दान देऊ नका असं कुणी म्हणत नाही, पण २ करिंथ ९ प्रमाणे ते मनापासून असावं, दबावाने नको, सौदा म्हणून तर नकोच.

मन शांत होत नाही, हा विश्वास कमी असल्याचा पुरावा नाही. स्तोत्र १३ 'किती वेळ' असं विचारतच सुरू होतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. सभेत उभं राहून विजयाची साक्ष द्यायची घाई करू नका. काय मोडलंय ते नावानिशी देवापुढे ठेवा. या वर्षी हबक्कूक ३ शेवटून वाचा: अंजीर फुलला नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्यात पीक परत येईल असं आश्वासन नाही. मला ते वचन त्यामुळेच खरं वाटतं.

कॉलशीट_बीड

वरच्या बोलण्याला धरूनच व्यवहाराचं सांगते.

नहेम्या २ मध्ये नहेम्या यरुशलेमेला आल्यावर कुणालाही न सांगता रात्री फिरून तट पाहतो, वेशी कुठे जळल्यात ते बघतो, मग लोकांशी बोलतो. तुम्हीही नव्या पैसेवाल्याकडे जाण्याआधी हेच करा. ४१ दृश्यांचा तक्ता बनवा: कोणता टेक चालेल, आवाज स्वच्छ आहे का, सलगता कुठे तुटते, आणि ते दृश्य संकलनात किती मिनिटं उरेल. 'झालं' म्हणून लिहिलेल्यांपैकी काही वापरण्याजोगी नसतात, हे इथेच उघड होतं. राहिलेल्या २१ दृश्यांपुढे एकच प्रश्न लिहा: हे काढलं तर गोष्ट कळते का? बरीचशी निघतील. मग उरलेले दिवस मोजा. लूक १४ मधला बुरुज बांधणारा आधी बसून खर्च मोजतो. तो हिशेब करणं म्हणजे अविश्वास नव्हे.

हक्कांचं आधी मिटवा. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्रपटाचा कर्ता निर्माता धरला जातो. त्याने पाठ फिरवली म्हणून हक्क आपोआप तुमचे होत नाहीत. ना हरकत पत्र पुरत नाही. मुद्रांकावर हक्क हस्तांतराचा लेख हवा, आणि त्यात मुदत व क्षेत्र लिहिलेलं हवं. मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, क्षेत्र लिहिलं नाही तर फक्त भारत. त्याचे आजवरचे पैसे कसे परत जातील तेही त्याच लेखात येऊ द्या, म्हणजे त्याला सही करायला कारण राहील. चित्रपटाचं नाव त्याच्या संस्थेच्या नावे नोंदलेलं असेल तर तेही बदलून घ्या, नाहीतर सेन्सॉर प्रमाणपत्राच्या अर्जाच्या वेळी अडेल. गोष्टीत बैल किंवा शेळ्या असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी चित्रीकरणाआधीची लागते, हे पुढच्या टप्प्यासाठी लक्षात ठेवा.

१४ जणांपैकी रोजंदारीवाले आधी: लाइटमन, स्पॉटदादा, चालक, स्वयंपाकी. कॅमेरा तुमचा स्वतःचा असेल तर तो विकूनही त्यांचं चुकतं करा. विभागप्रमुखांना प्रत्येकी पत्र द्या: रक्कम, हप्ते, तारखा. 'प्रदर्शनानंतर' हा शब्द पत्रात नको, कारण ती तारीख कुणाच्याच हातात नाही. शासनाचं अनुदानही हिशेबात धरू नका, ते चित्रपट पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळाल्यानंतरची गोष्ट आहे. आणि मंडळीतल्या कुणाला कर्जाला जामीन राहायला सांगू नका. नीतिसूत्रे २२ जामीन राहणाऱ्याच्या अंगाखालचं अंथरूण जाण्याबद्दल बोलतं ते उगाच नाही.

दरम्यान ४१ दृश्यांचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, लावा. गोव्यात नोव्हेंबरला इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाबरोबर जो फिल्म बाजार भरतो, तिथे अपूर्ण चित्रपटांसाठी वेगळा विभाग आहे. पैसेवाला कागदावरच्या गोष्टीपेक्षा पडद्यावरच्या वीस मिनिटांना लवकर भुलतो. रफ कट यूट्यूबवर मात्र टाकू नका, बरेच महोत्सव पहिल्या खेळाचा हक्क मागतात.

शाळूची ९ दृश्यं धसकटांत घडतील अशी पुन्हा लिहून काढा, असं माझं मत. मेमध्ये उरकून टाका.

सावली_परभणी

ताईंचं बाकी सगळं मान्य, मे मान्य नाही.

अडचण नुसत्या पिकाची नाही, उन्हाची आहे. जालन्याचा अक्षांश २० च्या किंचित खाली. जानेवारीत भरदुपारीसुद्धा माणसाची सावली त्याच्या उंचीच्या पाऊणपटीहून जास्त पडते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पायाखाली, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. जानेवारीच्या शॉटला मेचा शॉट जोडला की रंगसंगतीत कितीही घासा, प्रेक्षकाला कारण कळलं नाही तरी खटकतं. शिवाय मेमध्ये कामाचा उजेड सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. दुपारी ४० च्या वर पारा, कॅमेरा तापून बंद पडतो, आणि पंखा लावला तर त्याचा आवाज संवादात येतो.

आत्ता जे जमेल ते घरातलं. चुलीजवळची, रात्रीची दृश्यं खिडकीला काळं कापड लावून कोणत्याही महिन्यात होतात. जवळच्या चौकटीचे शॉटही होतील: शाळूची ६०-७० ताटं कणसासकट मिळाली तर ८५ मिमी भिंगाने, दोन ताटांमधून चेहरा. कडबा मात्र वाळला की रंग सोडतो, म्हणून जानेवारीच्या हिरव्याशी तो जुळणार नाही. रुंद शॉटसाठी पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा.

म्हाताऱ्या कलाकारांची मात्र तातडी आहे. वर्षभर थांबायचं तर त्यांचे संवाद आत्ताच शांत खोलीत ध्वनिमुद्रित करून ठेवा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि प्रत्येक खोलीची निव्वळ शांतता मिनिटभर. सांगायला जड जातं, पण थांबण्याचा निर्णय घेताना हा धोका उघडपणे समोर ठेवायला हवा. कवी ना. वा. टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं होतं. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. काम आपल्याच हातून पुरं होईल, असं देवाने कुणाला लिहून दिलेलं नाही.

रानवाट_जालना

सगळ्यांचे आभार. डिस्क काढून ठेवली, दोन नव्या सांगितल्यात. रोजंदारीवाले सहा जण आहेत, कॅमेरा विकून त्यांचं भागतं. दोन शंका. पुढच्या जानेवारीत तसंच रान मिळेलच याची खात्री कशी करायची? आणि नऊच दिवस उरलेत, तर रविवारी काम ठेवावं का?

सावली_परभणी

रान शोधायचं नाही, पेरून घ्यायचं. ज्या शेतात आधी चित्रीकरण झालं त्याच शेतकऱ्याशी ऑगस्टमध्ये बोला. गेल्या वेळी कोणतं वाण होतं ते विचारून तेच पेरायला सांगा. मालदांडी आणि परभणी मोती या वाणांची कणसं वेगळी दिसतात. वीस गुंठे दोन टप्प्यांत पेरून घ्या, दहा गुंठे सप्टेंबरअखेर आणि उरलेले दहा गुंठे त्यानंतर पंधरा दिवसांनी. एक तुकडा हुरड्यातून पुढे गेला तरी दुसरा हिरवा राहतो. बियाणं, राखण आणि पाखरांनी खाल्लेलं धरून पैसे आधी ठरवा, लेखी. पाण्याची एक पाळी त्याच्या विहिरीतून मिळेल का ते विचारा. परतीचा पाऊस ओढला तर ताट गुडघ्याएवढंच राहतं. कॅमेऱ्याची जागा ठरवून बांधावर खुंटी ठोका आणि तिच्यापासून ओळींची दिशा जुन्या शॉटशी जुळवून मगच तिफण चालू द्या.

पाळकांचा_शेजारी

रविवारचं: सकाळचा चांगला उजेड आणि उपासनेची वेळ एकच असते, त्यामुळे मधलं काही काढायला गेलं तर दोन्ही अर्धवट राहतात. नऊ दिवसांचं वेळापत्रक सोमवार ते शनिवार सहा आणि पुढचे सोमवार ते बुधवार तीन, असं लावा. मधला रविवार पूर्ण मोकळा, फक्त शनिवारी रात्री लावलेली कॉपी दुपारी कुणीतरी एकाने तपासायची. युनिटमध्ये सगळे ख्रिस्ती नसतील. त्यांनाही त्या दिवशी घरी जाता यावं म्हणून गाडीचे पैसे आधीच हिशेबात धरा.