मदत हवी आहे : चाळिशीत कराटे, मुए थाई, ज्युदो की आणखी काही?

मंडळी,

वय ४१, दिवसभर खुर्चीतलं काम, उजवा गुडघा कुरकुरणारा (डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, उड्या जपून). जिमची वर्गणी भरून तिकडे न फिरकण्यात मी तरबेज आहे, म्हणून आता शिकण्यासारखं काहीतरी हवंय. शिवाय रात्री उशिरा घरी येताना कुणी हात धरलाच, तर शरीराला काहीतरी सुचावं एवढीच अपेक्षा.

कोथरूडच्या आसपासचे वर्ग बघून आले. शोतोकान कराटेच्या वर्गात शिस्त छान, पण बराच वेळ काता (ठरलेल्या हालचालींचा एकट्याने सराव) आणि हवेतले ठोसे. समोरासमोर कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत, कधी, असं विचारलं तर "ब्राऊन बेल्टनंतर बघू". बेल्टच्या परीक्षांची फी वेगळी, हे मात्र लगेच सांगितलं!

मुए थाईत घाम सगळ्यात जास्त. ठोसे-लाथांबरोबर कोपर, गुडघे आणि मान धरून झटापट, म्हणजे क्लिंचही. पण राउंडहाउस किक, म्हणजे बाजूने फिरवून मारायची लाथ, मारताना उभ्या पायाच्या चवड्यावर गर्रकन वळावं लागतं. चवडा नीट फिरला नाही तर पीळ थेट गुडघ्यात.

ज्युदोत आधी पडायला शिकवतात, उकेमी. खरं सांगायचं तर माझ्या वयात गुंड भेटण्यापेक्षा बाथरूममध्ये घसरण्याची शक्यता जास्त, त्यामुळे मन तिकडे ओढ घेतंय. पण तिथले बाकी सगळे विशीतले. मला कुणी खांद्यावरून आपटलं तर?

ब्राझिलियन जिउ-जित्सूबद्दलही ऐकलंय, म्हणजे जमिनीवर पकडून नमवण्याची कला. १९९३च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांच्या स्पर्धेत) किरकोळ अंगाच्या हॉइस ग्रेसीने तगड्या प्रतिस्पर्ध्यांना नमवलं, वगैरे. पण रस्त्यावर दोघंतिघं असतील तर जमिनीवर लोळण घेणं शहाणपणाचं आहे का?

आणखी एक शंका. ऑलिंपिक तायक्वांदोत डोक्यावर ठोसा चालत नाही, क्योकुशिन कराटेच्या स्पर्धेत चेहऱ्यावर हाताने मारता येत नाही, आंतरराष्ट्रीय ज्युदोत पाय पकडायला बंदी. स्पर्धेत जे नाही त्याचा सराव मागे पडतो का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

ताई, शैली नंतर, आधी वर्ग बघा. समोरचा खराखुरा विरोध करतोय असा सराव आठवड्यातून किती वेळा होतो? ज्युदोत त्याला रांदोरी म्हणतात, आमच्या तालमीत नुसतं लढत. कुस्ती लोक यादीत धरतच नाहीत, पण पकड सोडवणं आणि तोल न जाऊ देणं रोजच्या झटापटीतून अंगात मुरतं, पाठांतराने नाही. कोल्हापूरचा मर्दानी खेळही बघा. लाठी फिरवून खांदे भरून येतात. दांडपट्टा घेऊन ऑफिसला जाता येत नाही, तेवढं सोडा.

नियमांची शंका बरोबर आहे. नुसतं तायक्वांदो केलेली मुलं बॉक्सिंगला आली की हात खाली ठेवतात, हे आम्ही नेहमी बघतो.

प्रतिसाद २

मी चाळिशीनंतरच मुए थाई सुरू केलं. गुडघ्याचं पहिल्याच दिवशी सांगा आणि लाथा कमरेखालीच ठेवा. क्लिंच, कोपर आणि पॅडवर ठोसे, एवढ्यानेही दम निघतो. कोच ऐकत नसेल तर वर्ग बदला.

हात धरला तर समोरच्याचा अंगठा जिकडे, तिकडून झटका द्यायचा. पकड तिथेच कच्ची असते. मग ओरडायचं आणि पळायचं. तेवढा दम असणं हेच स्वसंरक्षण. जिउ-जित्सूत खालून सुटून उभं राहायला शिकवतात, ते उपयोगी आहे, पण दोघंतिघं असतील तर लोळू नकाच.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. ज्युदोच्या सरांना रांदोरीबद्दल विचारलं. सुरुवातीला बसून, फक्त जमिनीवरची करू म्हणाले, आपटणं नंतर. हे गुडघ्याला चालेल का? कुणी केलंय?