प्रतिसाद: पाळणाघरासाठी अनुदान आणि ताईंचा पगार

वर कुणीतरी लिहिलंय की सीएसआरच्या (कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामावर खर्च करायच्या) पैशातून पगार देता येत नाहीत, ५ टक्क्यांची मर्यादा आहे. अहो, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला! प्रकल्पावर थेट काम करणाऱ्या, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या ताईंचा पगार त्यात धरत नाहीत. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठी सरकारकडे करायची) मात्र हवीच.

आमच्या इंदूरच्या पाळणाघरात झाबुआ-धारकडच्या बांधकाम मजुरांची मुलं असतात. एका देणगीदारांनी घसरगुंडी दिली, नावाच्या पाटीसकट. तेव्हा ताईंचा दोन महिन्यांचा पगार थकलेला. आता अर्जात पगार पहिला, मग दूध-पोहे, खेळणी शेवटी. आणि भगोरियाला (होळीआधीच्या आदिवासी जत्रेला) मुलं गावी जातात, हे अर्जातच लिहून टाका. नाहीतर तपासणीला आलेले साहेब रिकाम्या झोळ्या मोजत बसतात.