अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने डिझाइन-शिक्षण हीच कारकीर्द मानावी का?

मुलुंडकर (प्रश्न):
नमस्कार. मी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मशीन डिझाइन शिकवतो. विद्यार्थी पीएसजीची डेटाबुक (यंत्रभागांची सूत्रे आणि तक्ते देणारे पुस्तक) उघडून शाफ्टचा, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचा, व्यास ३७.४२ मिमी असा काढतात आणि पूर्ण गुण मिळवतात; पण त्या मापाचा पोलादी बार नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात मिळणार नाही, मग कोणते माप घ्याल आणि का, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मुलांना स्वतः रचना करायला शिकवणे हेच यापुढे मुख्य काम मानावे, असे मला मनापासून वाटते. वरिष्ठ मात्र बजावतात की बढती शोधनिबंधांवर मिळते. कोणा प्राध्यापकाने अशी कारकीर्द खरोखर घडवली आहे का?

पवईकर:
अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स (१९४३–२०१९) यांचे नाव सर्वप्रथम घ्यावे लागेल. गुडघ्याच्या वर पाय कापावा लागलेल्या रुग्णांसाठीचे कृत्रिम गुडघे हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता, आणि १९७३ साली ती पदवी मिळाल्यावर त्यांनी तेथेच ‘२.७०’ हा डिझाइनचा अभ्यासक्रम हाती घेऊन त्याला नवे रूप दिले. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच सामानाचा संच मिळे, त्यातून ठरलेले काम करणारे यंत्र बनवायचे आणि सत्राच्या शेवटी ते भरलेल्या सभागृहात दुसऱ्याच्या यंत्रासमोर उतरवायचे. सामान सर्वांचे एकच असल्याने फरक पडे तो केवळ विचाराचा, आणि कागदावर खपून गेलेली चूक तेथे सर्वांदेखत उघडी पडे. मला या पद्धतीचे खरे बळ यातच दिसते. पुढे संशोधक डीन केमन यांच्यासोबत त्यांनी शाळकरी मुलांसाठी ‘फर्स्ट’ ही रोबोटिक्स स्पर्धा उभी केली, तिची पहिली फेरी १९९२ साली झाली. अटीतटीने खेळा, पण प्रतिस्पर्ध्याला मदत करायला मागेपुढे पाहू नका, हा त्यांचा आग्रह त्या स्पर्धेत आजही पाळला जातो.

दादरकर:
उदाहरण मोलाचे आहे, परंतु एमआयटीच्या प्राध्यापकाला स्वतःचा अभ्यासक्रम आखण्याची मुभा असते. संलग्न महाविद्यालयात विद्यापीठाची परीक्षापद्धत पाळावीच लागते. आपल्याकडे ही वाट बहुधा स्वतंत्र विभागातून गेली. पवईच्या आयआयटीत १९६९ साली आयडीसी हे औद्योगिक डिझाइनचे केंद्र सुरू झाले, त्याची घडी बसवणारे सुधाकर नाडकर्णी जे. जे. आणि जर्मनीतील उल्म येथील डिझाइन-शाळेत शिकलेले होते, आणि सीईईडी ही डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेशपरीक्षा देऊन तेथे जाणाऱ्यांत अभियंते आजही असतात. तुमच्या हाती टर्मवर्क (सत्रभरातील कामाचे गुण) आणि ओरल (तोंडी परीक्षा) आहे, आणि ते थोडके नव्हे. एका ड्रॉइंग-शीटऐवजी लहानसे यंत्र मागा. प्लायवूड, गिअर-मोटर आणि नट-बोल्ट यांचा संच सर्वांना सारखा द्या, मोटर लॅमिंग्टन रोडवर मिळतील. ओरलला उत्तरापेक्षा निवडीचे कारण विचारा. प्रत्येक तुकडीची रेखाटने, मोडलेले भाग आणि गुण जपून ठेवलेत, तर अभियांत्रिकी-शिक्षणावरील शोधनिबंधाची सामग्री त्यातूनच उभी राहील आणि वरिष्ठांनाही उत्तर मिळेल.

मुलुंडकर:
दोघांचेही आभार. टर्मवर्कपासून सुरुवात करतो. गटात किती मुले ठेवावीत? चारांहून अधिक झाली की दोघेच काम करतात, असा माझा अनुभव आहे.

दादरकर:
तीन ठेवा, आणि ओरल प्रत्येकाची स्वतंत्र घ्या.