काय-स्क्वेअर दुकानातून करून आणला तर बिघडलं कुठं?

टायपिंगवाला नांदेड
माझं टायपिंग-बायंडिंगचं दुकान आहे. आता निम्मं काम डेटा अॅनालिसिसचं. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्यची पोरं प्रश्नावल्यांचे गठ्ठे घेऊन येतात. आम्ही एक्सेलमध्ये भरतो, एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरला टाकतो, क्रॉसटॅब (एका प्रश्नाची उत्तरं दुसऱ्याशी ताडणारा तक्ता) काढून चाचणीसकट प्रिंट देतो. परवा एका कार्यशाळेत एक प्राध्यापक म्हणाले, बाहेरून अॅनालिसिस करून घेणारा संशोधक नव्हेच. मला हे पटत नाही. शेतकरी माती परीक्षणाला देतो, स्वतः प्रयोगशाळेत नळ्या हलवत बसत नाही. काय-स्क्वेअर म्हणजे तरी काय? दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघायची चाचणी. दिसलेल्या आकड्यातून अपेक्षित (संबंध नसता तर आला असता तो) वजा करा, वर्ग करा, अपेक्षितानं भागा, सगळ्या चौकटींची बेरीज मारा. कार्ल पिअरसननं १९०० साली सांगून ठेवलंय. ते मशीननं केलं तर ज्ञान कमी होतं का?

परभणीकरीण
भाऊ, बेरीज मशीननंच करावी, त्याला कोणाची ना नाही. पण कोणता प्रश्न कशाशी ताडायचा हे कोण ठरवतं? प्रश्नावलीत २० प्रश्न. तुम्ही ते लिंग, शिक्षण, उत्पन्न आणि जिल्हा या चारांशी ताडून देता. झाले ८० तक्ते. कशाचा कशाशी काही संबंध नसला तरी ५ टक्क्यांच्या पातळीवर त्यातले चारेक ‘सिग्निफिकंट’ (नुसत्या योगायोगानं क्वचितच दिसावेत असे) निघायचेच. मग प्रबंधाचं पाचवं प्रकरण त्या चौघांवर उभं राहतं आणि उरलेल्या ७६ तक्त्यांचं नावही कोणी काढत नाही. मी सांख्यिकी शिकवते, असे प्रबंध माझ्याकडे वाचायला येतात.

टायपिंगवाला नांदेड
मॅडम, गिऱ्हाईक म्हणतं ‘सिग्निफिकंट काढून द्या’. मी काय त्याला परिकल्पना विचारत बसू? ते गाइडचं काम.

जालना बायपास
मालक, एक तक्ता देतो, तुमच्या दुकानात चालवून बघा. आकडे काल्पनिक आहेत. समजा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली १०० मुलं आणि न जाणाऱ्या घरांतली १००. पहिल्या गटात ३० जणांची शाळा सुटली, दुसऱ्यात १८ जणांची. अपेक्षित आकडे प्रत्येक गटात २४ आणि ७६. एसपीएसएसमध्ये पहिल्या ओळीत पिअरसन काय-स्क्वेअर ३.९५ येईल, पी (संबंध नसताना योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०४७. ०.०५च्या खाली, म्हणजे सिग्निफिकंट, पेढे वाटा. आता हाच तक्ता ‘आर’ या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, काही न बदलता. ३.३२ येईल, पी ०.०६९. म्हणजे नाही. आकडे तेच, निकाल उलटे. कारण दोन बाय दोनच्या तक्त्याला ‘आर’ आपणहून येट्सची दुरुस्ती लावतं, प्रत्येक फरकातून अर्धा वजा करून मग वर्ग. एसपीएसएस तीच गोष्ट खालच्या ओळीत, कंटिन्युइटी करेक्शन म्हणून छापतं. तुमच्या प्रिंटमध्ये दोन्ही ओळी असतात. विद्यार्थी कोणती उचलतो?

टायपिंगवाला नांदेड
जी ०.०५च्या खाली असेल ती. खोटं कशाला बोलू.

परभणीकरीण
😐

आकडेखोर
जालनाभाऊ, तुमचा मुद्दा बरोबर, पण येट्सला एवढं डोक्यावर घेऊ नका. १९३४ची ती दुरुस्ती लहान आकड्यांसाठी, आणि बरेच सांख्यिकीवाले तिला फार कंजूष मानतात. इथं सगळ्यात लहान अपेक्षित आकडा २४ आहे, तिची गरज नाही. मी पिअरसनच धरीन. पण खरं सांगू का, ०.०४७ आणि ०.०६९ यांत भांडण्यासारखं आहेच काय? फरक बघा: ३० टक्के विरुद्ध १८ टक्के, म्हणजे १२ अंकांचा. खरा फरक कुठं असू शकतो त्याची ९५ टक्क्यांची मर्यादा साधारण ०.३ ते २३.७. म्हणजे फरक नावापुरता असू शकतो, नाहीतर फार मोठा. २०० मुलांत याहून जास्त कळत नाही. फाय (संबंध किती घट्ट ते सांगणारा आकडा) काढला तर ०.१४. हाच तक्ता दहापट करून २००० मुलांचा केला तर काय-स्क्वेअर ३९ वर जाईल, फाय मात्र ०.१४च राहील. पी लहान म्हणजे संबंध घट्ट, हे प्रबंधात सर्रास लिहायलेत, ते आधी थांबवा. आणि छापलेलं .००० बघून ‘पी = ०’ पण लिहू नका. ०.००१ पेक्षा कमी, एवढंच.

कोयता ते कॉलेज
सगळे आकड्यांवर भांडायलात. मी बीडचा, आमच्याच घरातून दोन कोयते (ऊसतोडीच्या दोन जोड्या) जायचे. तुमचा तक्ता भरला कसा ते विचारा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलला परततात. डिसेंबरात सर्वे केला तर गावात जी मुलं सापडतात ती आजी-आजोबांकडं ठेवलेली. फडावर गेलेली मुलं तुमच्या १००मध्ये येतच नाहीत. जूनमध्ये केला तर तीच मुलं पटावर हजर. म्हणजे ‘शाळा सुटली’ कशाला म्हणायचं, इथूनच सुरुवात. दुसरी गोष्ट, एका घरातली तीन भावंडं तुम्ही तीन ओळींत भरता. आई-बाप गेले की तिघांचीही शाळा एकदमच बुडते. एका मुकादमाच्या टोळीतली दहा घरं एकाच तांड्यावरची. हे २०० वेगवेगळे निकाल नाहीत, त्याहून पुष्कळ कमी आहेत. चाचणी मात्र प्रत्येक ओळ स्वतंत्र धरून चालते. म्हणून ३.९५ मला आधीच फुगलेला वाटतो. येट्स लावा नाहीतर लावू नका.

परभणीकरीण
हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

तिसरं वर्ष चालू
मी दुकानातून करून घेतलंय, आणि मला लाज वाटत नाही. माझ्या गाइडसरांना क्रॉसटॅब म्हणजे काय ते माहीत नाही. एसपीएसएसचं लायसन्स माझ्या फेलोशिपमध्ये बसत नाही. तुम्ही लोक आदर्श सांगता, आम्हाला सबमिशनची तारीख आहे. आणि स्वतःच करायला हवं म्हणता, तर खुद्द पिअरसनची स्वातंत्र्य मात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, तक्त्यातल्या किती चौकटी मोकळेपणानं बदलू शकतात तो आकडा) अशा तक्त्यांसाठी चुकली होती. फिशर या सांख्यिकीतज्ज्ञानं १९२२मध्ये दुरुस्त केली. बाकीच्यांनी काय अपेक्षा ठेवायची?

आकडेखोर
भारी बोललात 😄 पण लायसन्सची सबब चालणार नाही. जॅस्प, जामोवी, पीएसपीपी फुकट आहेत, ‘आर’ तर आहेच. एक्सेलमध्येही होतं, फक्त अपेक्षितांचा तक्ता आपण स्वतः मांडावा लागतो आणि ते नुसता पी देतं. त्यामुळंच मी नवख्याला आधी एक्सेल सांगतो. अपेक्षित आकडे एकदा स्वतः काढले की कळतं, कोणती चौकट रिकामी पडतेय.

जालना बायपास
@तिसरं वर्ष चालू, तुमच्या प्रिंटखाली तळटीप होती का? ‘इतक्या चौकटींत अपेक्षित आकडा ५ पेक्षा कमी’ असं एसपीएसएस छापतं.

तिसरं वर्ष चालू
नाही. तक्त्याखाली काहीच नव्हतं.

टायपिंगवाला नांदेड
ती आम्ही काढून देतो. पान स्वच्छ दिसतं.

परभणीकरीण
अहो! अख्ख्या प्रिंटमध्ये वाचण्यासारखी तीच एक ओळ असते बऱ्याचदा. कॉक्रननं १९५४मध्ये सांगितलेला ढोबळ नियम असा: अपेक्षित आकडा ५ पेक्षा कमी असलेल्या चौकटी एकूण चौकटींच्या २० टक्क्यांहून जास्त नकोत, आणि १ पेक्षा कमी तर एकही नको. आता मराठवाड्याचे ८ जिल्हे आणि ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे ५ पर्याय घ्या. ४० चौकटी. नमुना १२०चा. सरासरी चौकटीला अपेक्षित आकडा ३. असा तक्ता पहिल्याच फटक्यात बाद, आणि नेमका हाच तक्ता मी सगळ्यात जास्त वेळा बघते. ‘सहमत’चे दोन प्रकार एकत्र करा, जिल्ह्यांचे गट करा, पण निकाल बघायच्या आधी. नाहीतर लहान आकड्यांतही चालणारी फिशरची एक्झॅक्ट चाचणी घ्या. आणि मोठ्या तक्त्यात नुसतं ‘संबंध आहे’ म्हणून थांबू नका, अॅडजस्टेड रेसिड्युअल (प्रत्येक चौकटीतल्या दिसलेल्या आणि अपेक्षित आकड्यांतला प्रमाणित फरक) मागा. जिथं तो २ च्या वर किंवा उणे २ च्या खाली, त्या चौकटीवर बोला.

टायपिंगवाला नांदेड
मॅडम, ठीक. तळटीप ठेवतो. रेसिड्युअलचं बटणही दाबून देईन, पैसे तेवढेच. पण जिल्ह्यांचे गट मी पाडणार नाही. उद्या व्हायवात कोणी विचारलं लातूर आणि धाराशिव एकत्र का, तर ते पोरगं माझ्या दुकानाचं नाव सांगेल.

कोयता ते कॉलेज
सांगू द्या की. निदान कोणी तरी तो तक्ता बघितला होता हे तरी कळेल.

तिसरं वर्ष चालू
एक विचारू का? माझ्याकडं बचत गटाच्या त्याच ६० बायका आहेत, प्रशिक्षणाआधी आणि नंतर. खातं स्वतः चालवतात का, हो/नाही. दुकानातून काय-स्क्वेअर करून आणलाय, एन (नमुन्याची संख्या) १२० दिसतोय.

आकडेखोर
ताई/दादा, बायका ६०च आहेत, १२० नव्हे. तिथं मॅकनेमार (त्याच माणसांच्या आधी-नंतरच्या हो/नाहीची चाचणी) लागतो. क्रॉसटॅबच्या त्याच खिडकीत त्याचा चौकोन आहे. पण त्यासाठी एका बाईची आधीची आणि नंतरची उत्तरं एकाच ओळीत हवीत. एक्सेल कशी भरलीय ते आधी बघा.

टायपिंगवाला नांदेड
फाइल आमच्याकडंच असेल तर पाठवा. दोन दिवस लागतील, सध्या बायंडिंगची गर्दी आहे.