निक्समध्ये हास्केलची लायब्ररी ‘ब्रोकन’ म्हणतंय, ओव्हरराइड लिहूनही तीच एरर

प्रश्न:
नमस्कार मंडळी. तीन-चार महिने झाले हास्केल ही प्रोग्रामिंग भाषा शिकतोय, लॅपटॉपवर निक्सओएस आहे, म्हणजे निक्स या पॅकेज मॅनेजरवर उभी असलेली लिनक्स. बँक स्टेटमेंटची सीएसव्ही वाचून महिन्याचा हिशोब काढणारा छोटा प्रोग्राम लिहिलाय. शेल फाइलमध्ये (कामाला काय काय हवं ते निक्सला सांगणारी फाइल) जीएचसी-विथ-पॅकेजेस, म्हणजे हास्केलचा कंपायलर जीएचसी आणि सोबत हव्या त्या लायब्ररी, असं लिहून टेक्स्ट, एसन, कसावा या लायब्ररींसकट सगळं मस्त चालत होतं. परवा हॅकेजवरची (हास्केल पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार) एक लहानशी पार्सिंगची लायब्ररी यादीत टाकली तर निक्स म्हणे हे पॅकेज ब्रोकन आहे. मग अलाउ-ब्रोकन चालू केलं, बिल्ड सुरू झालं आणि हास्केलची मूळ लायब्ररी ‘बेस’ ४.१९ च्या खालची पाहिजे म्हणून अडकलं, माझा जीएचसी ९.८ आहे. शेवटी ओव्हरराइड (पॅकेजची व्याख्या आपल्यापुरती बदलणं) लिहून आवृत्त्यांच्या मर्यादा काढणारं डू-जेलब्रेक लावलं तरी तीच एरर, एका अक्षराचा फरक नाही. दोन दिवस गेले यात. आणि माझाच प्रोग्राम नीट पॅकेज करायचा तर कसा?

उत्तर १:
पहिलं काम म्हणजे अलाउ-ब्रोकन काढून टाका, त्याने काही दुरुस्त होत नाही, फक्त पाटी झाकली जाते, आणि ती सगळ्याच पॅकेजेसची झाकली जाते. निक्सच्या हायड्रा या बिल्ड सर्व्हरवर बिल्ड फेल झालं की पॅकेजवर ती खूण बसते. पुष्कळदा कोड ठणठणीत असतो, लेखकाने कॅबल फाइलमध्ये (पॅकेजचं वर्णन आणि डिपेंडन्सी, म्हणजे लागणाऱ्या लायब्ररी, जिथे लिहितात ती) घातलेली वरची मर्यादाच जुनी झालेली असते. तुमचं तेच झालंय, जीएचसी ९.८ सोबत बेस ४.१९ च येतं, ते काही वेगळं बदलता येत नाही. म्हणून त्या एकाच लायब्ररीला ब्रोकनची खूण काढणारं मार्क-अनब्रोकन आणि डू-जेलब्रेक दोन्ही लावा. फक्त लक्षात ठेवा, कॅबल फाइलमधल्या इफच्या आत लिहिलेल्या मर्यादा जेलब्रेकने सुटत नाहीत, तिथे पॅच लागतो.

उत्तर २:
एरर जशीच्या तशी येतेय म्हणजे ओव्हरराइड लागतच नाहीये असं वाटतं. शेल फाइलची शेवटची ओळ काय आहे?

प्रश्नकर्ता:
वर ‘एचपी’ नावाने ओव्हरराइड केलेला पॅकेजेसचा सेट बनवलाय, खाली पीकेजीएस-डॉट-हास्केल-पॅकेजेस-डॉट-जीएचसी-विथ-पॅकेजेस आहे.

उत्तर २:
मग सापडलं! निक्समध्ये जुना सेट जागेवर बदलत नाही, ओव्हरराइड केलं की नवा सेट मिळतो आणि जुना तसाच राहतो. तुम्ही नवा बनवलात आणि वापरताय जुनाच. खाली एचपी-डॉट-जीएचसी-विथ-पॅकेजेस करा. आणि ओव्हरराइडच्या आत त्या लायब्ररीचं जुनं रूप सुपरमधून (बदलाआधीच्या सेटमधून) घ्या, सेल्फमधून (बदल झालेल्या सेटमधून) घेतलंत तर ती स्वतःलाच शोधत बसते आणि इनफिनिट रिकर्शन येतं. एसनसारख्या पायातल्या लायब्ररीला मात्र शक्यतो हात लावू नका, तिच्यावर उभी असलेली सगळी पॅकेजेस निक्सच्या कॅशमधून तयार न येता तुमच्या लॅपटॉपवर कंपाइल होतील, रात्रभर पंखा फिरत राहील.

उत्तर ३:
पॅकेजिंगचं सांगतो. कॅबल फाइल आहे ना, मग एचपी-डॉट-कॉल-कॅबल-टू-निक्सला नाव आणि फोल्डर द्या, डिपेंडन्सी तो कॅबल फाइलमधूनच वाचतो, दुसरीकडे यादी लिहायला लागत नाही. फोल्डर मात्र साफ करून द्या, कॅबलचं बिल्ड फोल्डर डिस्ट-न्यूस्टाइल त्यात राहिलं तर कॅबल बिल्ड केलं की प्रत्येक वेळी सोर्सचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बदलतो आणि निक्स सगळं पहिल्यापासून बांधत बसतं. फ्लेक (निक्स प्रोजेक्ट मांडायची नवी पद्धत) वापरत असाल आणि नवीन मॉड्यूल सापडत नाही म्हणाला तर आधी गिट ॲड केलंय का ते बघा, गिटला माहीत नसलेली फाइल फ्लेकला दिसतच नाही. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीये.

प्रश्नकर्ता:
झालं! एचपी लिहिल्याबरोबर जेलब्रेक लागलं, लायब्ररी कंपाइल झाली. आता तिचीच एक टेस्ट पडतेय, एरर मेसेजचा मजकूर जुळत नाही म्हणतेय. टेस्ट वगळणारं डोन्ट-चेक लावू का?

उत्तर १:
मेसेजचाच फरक असेल तर लावा, पण टेस्टचा लॉग आधी पूर्ण वाचा, पार्स झालेली रक्कम चुकत असेल तर तुमचा हिशोबही चुकेल. आणि मर्यादा वाढवायचा एक ओळीचा बदल लायब्ररीच्या लेखकाला नक्की पाठवा, त्यांनी नवी आवृत्ती काढली की तुमचा ओव्हरराइड काढून टाकता येईल.