आरोपीचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव: वकील संघाला हा अधिकार आहे का?

साधा वकील (धागाकर्ता):
आमच्या तालुक्यात एका लहान मुलीवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आल्यावर वकील संघाने तातडीची सभा बोलावली आणि आरोपीचे वकीलपत्र एकाही सभासदाने घेऊ नये, असा ठराव एकमताने संमत केला. हात मीही वर केला होता. दुसऱ्या दिवशी आरोपीला रिमांडसाठी आणले, तेव्हा ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ हा नेहमीचा प्रश्न न्यायाधीशांनी विचारला. त्याने मान हलवली, ती होकाराची की नकाराची हे कोणालाच कळले नाही, आणि पाच मिनिटांच्या आत पोलीस कोठडीचा आदेश झाला. वकिलांच्या बाकांवर आम्ही नऊ-दहा जण बसलो होतो.

घरी येऊन कायदा पुन्हा वाचला. राज्यघटनेचा अनुच्छेद 22(1) अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क देतो, आणि असे ठराव निरर्थक व बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मोहम्मद रफी प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. त्या प्रकरणाच्या मुळाशी असलेला कोइमतूरच्या वकील संघाचा ठराव पोलिसांविरुद्ध होता: वकिलांशी झालेल्या झटापटीतील आरोपी पोलिसांच्या बाजूने कोणी उभे राहू नये, असा. ठरावाचे हत्यार एकदा हाती आले की ते कोणावर उगारायचे हे त्या दिवशीचा राग ठरवतो.

आमच्या ठरावाने त्या मुलीचे काही भले झाले का, हा माझा प्रश्न आहे.

नाशिककर:
आपण वकील आहात, मी नाही; परंतु तालुक्याच्या गावी वकील हा आधी गावकरी असतो. मुलीचे वडील ज्या बाजारात भाजी घेतात, तिथेच आपणही घेता. त्यांच्यासमोरून आरोपीची फाईल काखेत घेऊन जाण्याची सक्ती कोणावर का असावी? बार कौन्सिलच्या नियमांतही विशेष परिस्थितीत प्रकरण नाकारण्याची मोकळीक आहे, असे मी वाचले आहे. दुसरे असे की, पीडितेच्या बाजूने खटला सरकारी वकील चालवतात. तिने स्वतःचा वकील दिला तरी त्याने मुख्यतः सरकारी पक्षाला साहाय्य करायचे. आरोपीला पसंतीचा वकील आणि पीडितेला मदतनीस, या व्यवस्थेत सगळी काळजी आरोपीचीच वाहिली जाते, असे सामान्य माणसाला वाटले तर त्याचे काय चुकले?

साधा वकील:
पीडितेच्या वकिलाबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे. त्यावर वेगळा धागा काढावा. आपण ज्या मोकळिकीबद्दल म्हणता, ती एकेका वकिलाची आहे. मी नाही म्हटले तर आरोपी शेजारच्या टेबलाकडे जाऊ शकतो. ठराव त्या शेजाऱ्याचेही तोंड बंद करतो.

आता आपल्याच शहराची गोष्ट. नाशिकजवळ 2003 मध्ये एका कुटुंबावर भीषण हल्ला झाला. सहा जणांना दोषी ठरवण्यात आले, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. पुढे फेरविचार याचिका नव्याने ऐकली गेली आणि 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांच्या अल्बममधून भलतेच चार जण ओळखले होते. हे खटल्याच्या सुरुवातीलाच कोणी चिवटपणे उकरून काढले असते तर? खरे गुन्हेगार तर त्या कुटुंबालाही मिळाले नाहीत.

बाररूमचा कोपरा:
उदाहरण परिणामकारक आहे, पण निष्कर्ष ताणलेला वाटतो. त्या सहा जणांना वकील नव्हते, असे नाही. वकील असूनही तसे घडले. शिवाय आता जिल्ह्याजिल्ह्यांत विधी सेवा प्राधिकरणाची, आरोपीला मोफत वकील देणारी लोकअभिरक्षक कार्यालये आहेत, त्यामुळे ठराव झाला तरी आरोपी वाऱ्यावर पडत नाही. ठराव ही समाजाच्या संतापाची नोंद आहे, तिला घटनात्मक संकट म्हणू नये. 26/11 च्या खटल्यातही मुंबईतील वकील संघटनेने नकार दिला होता. तरी कसाबला न्यायालयाने वकील दिला आणि खटला रीतसर पूर्ण झाला.

लोकअभिरक्षक कार्यालयातील एक:
26/11 चा उल्लेख झाला म्हणून लिहितो. त्या खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय आरोपीही होते. त्यांच्याविरुद्धचा महत्त्वाचा पुरावा म्हणजे मारल्या गेलेल्या एका दहशतवाद्याच्या खिशात सापडल्याचे सांगितलेला नकाशा. कपडे रक्ताने भिजलेले, आणि नकाशावर मात्र डाग नाही. न्यायालयाने त्यावर विश्वास ठेवला नाही. दोघेही 2010 मध्ये सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. त्यांपैकी एकाचे वकील शाहिद आझमी यांची निकालाआधीच, फेब्रुवारी 2010 मध्ये, कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली होती. संतापाची ‘नोंद’ झाली की धोका कोणाच्या वाट्याला येतो, हे यावरून कळावे.

आमच्यामुळे ठराव निरुपद्रवी ठरतो, हे खरे नाही. कोठडीत भेटायला गेलो की आरोपी विचारतो, ‘तुम्ही सरकारी वकील ना?’ मोफत मिळालेला वकील त्याच्या लेखी पोलिसांचाच माणूस असतो. वकीलपत्रावर अंगठा घेण्यातच अर्धा तास जातो आणि खरी हकिकत तिसऱ्या भेटीत कळते, तोवर कोठडीचे दिवस संपलेले असतात. त्यात गावच्या वकील संघाने ठराव केलेला असेल, तर जुनी कागदपत्रे देणारा की साक्षीदाराचा पत्ता सांगणारा, कोणीही पुढे येत नाही. कसाबच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले की, आरोपीला पहिल्यांदा हजर करताच वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि त्यात कुचराई केल्यास खात्यांतर्गत कारवाई होऊ शकते. वकिलाशिवाय खटला चालवून झालेली शिक्षा टिकत नाही, हेही त्याच निकालात आहे. मग त्या मुलीला पुन्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे करणार का?

नाशिककर:
मुलीला पुन्हा उभे करावे लागेल, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तरीही बचावाच्या नावाखाली उलटतपासात तिची जी अवहेलना होते, तिच्याबद्दल वकिलांनी असा एकमताचा ठराव केल्याचे मी कधी ऐकले नाही.

साधा वकील:
ऐकले नाही, कारण केलेला नाही. मासिक सभेसाठी मी दोन विषय लेखी दिले आहेत: आधीचा ठराव मागे घेणे, आणि बालकांच्या उलटतपासाबाबत सभासदांसाठी आचारनियम करणे. दुसऱ्या विषयाला लगेच चार सह्या मिळाल्या. पहिल्याला अनुमोदक अजून मिळायचा आहे. ज्यांना विचारले, त्यांच्यापैकी दोघांनी चहाचे पैसे मात्र दिले.