सिलंबमची काठी मे महिन्यात चिरते, काय करावं?

प्रश्न: नागपुरात सिलंबम, म्हणजे तमिळनाडूची काठी फिरवायची युद्धकला, शिकतोय. उंची ५ फूट ६ इंच. काठी किती लांब घ्यावी? आधीची उन्हाळ्यात उभी चिरली.

बांबूवाला: उभी धरली की कपाळाला टेकावी, म्हणजे साधारण सव्वापाच फूट, जाडी इंचभर. बुरडाकडून मानवेल जातीचा बांबू घ्या, तो बराच भरीव असतो. गच्चीवर वाळवू नका राजेहो! बाहेरून झटकन आटतो, आत ओल राहते, म्हणून चीर पडते. सावलीत आडवा ठेवा, अधूनमधून जवसाचं तेल चोळा.

लाठीधर: पेरांच्या गाठी तासून घ्या, नाहीतर तळहात सोलतात. आणि आधी कालडी, म्हणजे पावलं, पक्की करा. पाय चुकला की फिरती काठी आपल्याच गुडघ्यावर बसते.

प्रश्नकर्ता: चिरलेली तारेनं बांधून चालेल?

लाठीधर: नाही. फेकून द्या, कुसळं डोळ्यात जातात.